दोन सेटमधली तीन मिनिटे

बेंच प्रेसचे, म्हणजे बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलण्याचे, तीन सेट करायचे आहेत आणि बारवर प्लेट्ससह एकूण ५० किलो वजन आहे, असे धरू. पहिल्या सेटमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या पहिल्या फेरीत, १० रेप्स निघाल्या, म्हणजे बार १० वेळा वर गेला. एक मिनिट थांबून दुसरा सेट घेतला, तेव्हा सातव्या रेपनंतर बार छातीवरून वर सरकेना. आणखी एका मिनिटाने घेतलेल्या तिसऱ्या सेटमध्ये जेमतेम पाच निघाल्या. त्याच माणसाने दुसऱ्या एखाद्या दिवशी, तेवढ्याच वजनाने, पण प्रत्येक सेटनंतर तीन मिनिटे थांबून हाच व्यायाम केला, तर १०, ९ आणि ८ अशा रेप्स निघणे मुळीच नवलाचे नाही. पहिल्या दिवशी त्याने ५० किलो एकूण २२ वेळा उचलले, म्हणजे १,१०० किलोचे काम केले. दुसऱ्या दिवशी २७ वेळा, म्हणजे १,३५० किलोचे. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, परंतु जिममध्ये वही ठेवणाऱ्या कोणालाही हा उतार ओळखीचा वाटेल.

वजन किती, सेट किती, प्रोटीन किती यांवर जिममध्ये तासन्‌तास चर्चा होते. दोन सेटच्या मध्ये किती थांबायचे हे मात्र बहुधा शेजारच्या माणसाकडे पाहून, मशीन केव्हा मोकळे होते त्यावरून किंवा फोनवर काय चालले आहे त्यावरून ठरते. वास्तविक विश्रांतीचा काळ हा व्यायामाच्या आराखड्याचाच भाग आहे, आणि छाती, खांदे, पाठ व दंड यांच्या व्यायामात त्याचा अंदाज चुकण्याची शक्यता पायांच्या व्यायामापेक्षा अधिक असते. असे का होते, हे कळण्यासाठी सेट संपतो तेव्हा स्नायूत नेमके काय संपलेले असते, ते आधी पाहावे लागेल.

स्नायूतला साठा

स्नायूच्या प्रत्येक आकुंचनाला ऊर्जा पुरवणारा रेणू म्हणजे अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, अर्थात एटीपी. स्नायूत त्याचा तयार साठा इतका थोडा असतो की पूर्ण जोर लावला तर तो दोन-तीन सेकंदच पुरेल. तरीही तो कधी शून्यावर येत नाही, कारण त्याच्या पाठीशी फॉस्फोक्रिएटिन नावाचा दुसरा साठा उभा असतो. एटीपी खर्च झाल्यावर जे एडीपी उरते त्याला फॉस्फोक्रिएटिन आपले फॉस्फेट तत्काळ देऊन टाकते आणि एटीपी पुन्हा तयार होते. ही देवाणघेवाण अत्यंत वेगाने चालते, मात्र पूर्ण जोरात तिचीही मजल साधारण दहा सेकंदांपर्यंतच. त्यापुढे स्नायूला आपल्यातल्या ग्लायकोजेनचे (साठवलेल्या साखरेचे), ऑक्सिजनची वाट न पाहता, झटपट विघटन करून ऊर्जा काढावी लागते. तीस-चाळीस सेकंदांच्या सेटमध्ये हे तिन्ही मार्ग एकाच वेळी कमीअधिक प्रमाणात सुरू असतात, आणि सेटच्या शेवटी फॉस्फोक्रिएटिनचा साठा बराच रिकामा झालेला असतो.

फॉस्फोक्रिएटिनच्या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत काम करताना १९२७ मध्ये स्नायूतील फॉस्फोक्रिएटिनची ओळख पटवली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फिलिप आणि ग्रेस एगल्टन यांनाही स्वतंत्रपणे हाच पदार्थ सापडला होता. आज प्रत्येक जिमच्या काउंटरवर क्रिएटिनचे डबे मांडलेले असतात, पण ते घेणाऱ्यांपैकी सुब्बाराव हे नाव ऐकलेला माणूस विरळाच.

विश्रांतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हा साठा भरण्याचे गणित. मोबाइल जसा पहिल्या पन्नास टक्क्यांपर्यंत झरझर चार्ज होतो आणि शेवटचे वीस टक्के भरायला रेंगाळतो, तसेच इथे घडते. पहिल्या अर्ध्या मिनिटातच सुमारे निम्मा साठा भरून येतो. उरलेला भरत भरत जवळजवळ पूर्ववत व्हायला मात्र तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणून पंचेचाळीस सेकंदांनी उठलेल्या माणसाला आपण ताजेतवाने झालो आहोत असे प्रामाणिकपणे वाटते, पहिल्या तीन-चार रेप्सही छान जातात, आणि मग अचानक जोर आटतो.

हा साठा भरताना स्नायूला ऑक्सिजन लागतो, म्हणजेच रक्तपुरवठा लागतो. प्रयोगात पट्टा आवळून स्नायूचा रक्तपुरवठा रोखला, तर व्यायाम थांबलेला असूनही फॉस्फोक्रिएटिन भरून येत नाही. पट्टा सोडल्यावरच ते वाढू लागते. त्यातून एक साधी गोष्ट हाती येते. ताणून धरलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्यामुळे सेट संपल्यावर डंबेल हातात धरून आरशासमोर उभे राहणे किंवा पुल-अप्स संपल्यावरही बारला लोंबकळत राहणे, हा वेळ विश्रांतीत धरता येत नाही. घड्याळ सुरू करायचे ते वजन खाली ठेवल्यावर आणि हात सैल सोडल्यावर.

साठा रिकामा होणे ही थकव्याची एक बाजू झाली; काही पदार्थ साचणे ही दुसरी. जोरकस सेटमध्ये स्नायूत अकार्बनी फॉस्फेट आणि हायड्रोजन आयन वाढतात, आम्लता चढते आणि तंतूंची आकुंचनाची ताकद घटते. लॅक्टेट, ज्याला जिममध्ये सर्रास ‘लॅक्टिक अ‍ॅसिड’ म्हणून दोष दिला जातो, ते मात्र बरेचसे निर्दोष आहे. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, आणि व्यायामानंतर तासाभराच्या आसपास त्याची रक्तातील पातळी पूर्वपदावर येते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखते त्याचे खापर लॅक्टेटवर फोडण्यात अर्थ नाही. आम्लता वाढलेली असताना फॉस्फोक्रिएटिनची भरपाई आणखी मंदावते. म्हणूनच एकही रेप शिल्लक न ठेवता, हात थांबेपर्यंत सेट ताणला, तर तेवढ्याच वजनाच्या पण दोन रेप्स हातच्या राखलेल्या सेटपेक्षा त्यानंतर अधिक थांबावे लागते. विश्रांती किती हा प्रश्न विचारण्याआधी सेट कुठे थांबवला होता हे विचारणे भाग आहे.

श्वास लागत नाही म्हणून

जड स्क्वॅट्सचा दहा रेप्सचा सेट झाला की माणूस धापा टाकतो. मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू काम करत असल्यामुळे हृदयावर आणि फुप्फुसांवर एवढा भार पडतो की, कोणी सांगो न सांगो, दोन-तीन मिनिटे थांबणे आपोआपच होते. शोल्डर प्रेस किंवा बायसेप्स कर्लचे तसे नाही. इथे काम करणाऱ्या स्नायूंचे आकारमान कमी, त्यामुळे एकूण ऑक्सिजनची मागणी कमी, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात श्वास ताळ्यावर येतो. शरीराला विश्रांतीची गरज कळते ती बहुतांशी श्वासावरून आणि हृदयाच्या ठोक्यांवरून. दंडाच्या मागच्या बाजूच्या ट्रायसेप्समध्ये फॉस्फोक्रिएटिन किती भरले आहे, हे सांगणारी जाणीव आपल्याकडे नाही. परिणामी वरच्या शरीराच्या व्यायामात माणूस स्वतःच्याही नकळत लवकर उठतो. माझ्या मते जिममध्ये छातीच्या दिवशी दिसणारी घाई ही बहुतेक वेळा उत्साहातून आलेली नसते, श्वासाने दिलेल्या या चुकीच्या इशाऱ्यातून आलेली असते.

यात भर पडते ती स्नायूंच्या साखळीची. बेंच प्रेस हा छातीचा व्यायाम म्हणून ओळखला जातो, परंतु बार वर ढकलताना छातीसोबत खांद्याचा पुढचा भाग आणि ट्रायसेप्स हे तुलनेने लहान स्नायूही पूर्ण भार घेतात, आणि बहुतेकांचा सेट या लहान स्नायूंच्या थकव्यावरच अडतो. आता नेहमीचा ‘पुश डे’, म्हणजे ढकलण्याच्या व्यायामांचा दिवस, डोळ्यांसमोर आणा. आधी बेंच प्रेस, मग इन्क्लाइन डंबेल प्रेस, मग शोल्डर प्रेस, मग डिप्स आणि सर्वांत शेवटी केबलवर ट्रायसेप्स पुशडाउन. कागदावर हे पाच वेगवेगळे व्यायाम आहेत. ट्रायसेप्सच्या दृष्टीने मात्र हा एकच लांबलचक व्यायाम आहे. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाताना मिळणारा मिनिटभराचा अवधी पुरेसा आहे असे मानणारा माणूस शोल्डर प्रेसला आला की त्याला वाटते, आपले खांदेच कमजोर आहेत. खांदे ठीक असतात. आधीच्या व्यायामाने दमलेले हात अजून सावरलेले नसतात. व्यायाम बदलतानाही, पुढच्या व्यायामात तोच स्नायू लागणार असेल, तर विश्रांती पूर्ण घ्यावी.

ओढण्याच्या व्यायामांत, म्हणजे पुल-अप्स, रोइंग आणि लॅट पुलडाउनमध्ये, ही अडचण पकडीच्या रूपाने येते. पाठीच्या रुंद स्नायूंत जोर शिल्लक असतानाच बोटे सुटू लागतात, कारण पंजा आवळून धरणारे हाताच्या पुढच्या भागातले लहान स्नायू संपूर्ण सेटभर न सुटता आवळलेले असतात. पुल-अप्समध्ये आणखी एक पेच आहे: बेंच प्रेसमध्ये दुसऱ्या सेटला पाच किलो उतरवता येतात, इथे स्वतःचे वजन उतरवता येत नाही. ज्याला एका दमात सहा पुल-अप्स येतात त्याने पहिल्याच सेटमध्ये सहाही काढल्या आणि मिनिटभरच थांबला, तर पुढचे सेट चार आणि दोनवर घसरणे ठरलेलेच. त्याऐवजी पहिल्यापासून चारचार काढून दीड ते दोन मिनिटे थांबत गेल्यास असे पाच सेट निघू शकतात, म्हणजे बारा रेप्सच्या जागी वीस होतात, आणि त्याही छाती बारकडे नेणाऱ्या, झोके न देता केलेल्या. पुल-अप्सचा आकडा वाढवू पाहणाऱ्याला मी तरी हाच मार्ग सुचवेन.

एका मिनिटाचा दंडक कुठून आला

ताकदीसाठी जास्त थांबा आणि स्नायू वाढवण्यासाठी कमी, मिनिटभरच थांबा, हा नियम जुन्या प्रशिक्षकांकडून आणि पाठ्यपुस्तकांतूनही अनेक वर्षे सांगितला गेला. त्यामागे एक तर्क होता. कमी विश्रांती घेऊन, मध्यम वजनाने, एकामागून एक सेट केले की व्यायामानंतर रक्तातील ग्रोथ हार्मोनची पातळी उसळते, हे १९९० च्या सुमारास झालेल्या मोजमापांत दिसले होते. ग्रोथ हार्मोन वाढले म्हणजे स्नायूही वाढणार, असा निष्कर्ष त्यावरून काढणे सोपे होते. शिवाय स्नायूत रक्त भरून येणारा ‘पंप’ आरशात दिसतो आणि जळजळही जाणवते, त्यामुळे व्यायाम लागू पडल्याचे समाधान मिळते.

हा तर्क तपासण्यासाठी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात एक चतुर प्रयोग झाला, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बारा तरुणांना पंधरा आठवडे दोन्ही हातांचे कर्ल्स करायला लावले, पण वेगवेगळ्या दिवशी आणि वेगळ्या पद्धतीने. एका हाताचे कर्ल्स नुसते केले जात. दुसऱ्या हाताच्या कर्ल्सनंतर लगेच पायांचा भरपूर व्यायाम करवला जाई, जेणेकरून त्या वेळी रक्तात हार्मोन्सची लाट उसळावी. माणूस तोच, आहार तोच, हातांचा व्यायामही तोच. फरक फक्त हार्मोन्सचा. पंधरा आठवड्यांनी दोन्ही दंडांची वाढ आणि ताकद मोजली तेव्हा हार्मोन्सच्या लाटेचा कोणताही जादा फायदा आढळला नाही. व्यायामानंतर तेवढ्यापुरती वाढणारी हार्मोन्सची पातळी स्नायूंच्या वाढीचे माप म्हणून वापरता येत नाही, हे यातून पुरेसे स्पष्ट झाले.

पुढे विश्रांतीचीच थेट तुलना झाली. व्यायाम-संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात आधीपासून वजनांचा व्यायाम करणाऱ्या २१ तरुणांचे दोन गट केले होते. व्यायाम, सेट आणि रेप्स सारखे, एक गट सेटनंतर एक मिनिट थांबे, दुसरा तीन मिनिटे. आठ आठवड्यांनी बेंच प्रेस आणि स्क्वॅट दोन्हींत तीन मिनिटे थांबणाऱ्यांची ताकद अधिक वाढलेली होती, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही. ट्रायसेप्समध्येही कल त्याच दिशेला होता, मात्र तो फरक तितका ठाम नव्हता. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, पायांच्या व्यायामानंतर स्नायूत नवे प्रथिन किती वेगाने बनते हे मोजले गेले; पाच मिनिटे थांबणाऱ्यांच्या तुलनेत एक मिनिट थांबणाऱ्यांत हा वेग सुरुवातीच्या तासांत मंदावलेला दिसला, आणि गंमत म्हणजे टेस्टोस्टेरॉन या हार्मोनची तात्पुरती वाढ एक मिनिटवाल्यांतच जास्त होती.

याचा अर्थ जितके थांबू तितके चांगले, असा काढणे चूक ठरेल. उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०२४ मध्ये झालेल्या विश्लेषणात, स्नायूंच्या वाढीसाठी साठ सेकंदांहून अधिक थांबण्याचा थोडासा फायदा दिसला, पण सुमारे नव्वद सेकंदांच्या पुढे आणखी थांबून वाढीत लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. ताकदीच्या बाबतीत, विशेषतः मुरलेल्या व्यायामपटूंना, दोन मिनिटांहून अधिक विश्रांती लाभदायक ठरते. नवशिक्यांची ताकद मात्र कमी विश्रांती घेऊनही चांगली वाढते. नवशिक्याचे वजन मुळात हलके असते, तो आपल्या क्षमतेच्या कडेपर्यंत क्वचितच जातो आणि त्याची सुरुवातीची प्रगती बरीचशी मज्जासंस्थेच्या शिकण्यातून होते. त्याने पहिल्या दोन महिन्यांत सेकंद मोजत बसण्यापेक्षा बार सरळ कसा चालवायचा ते शिकावे.

मग थांबायचे किती

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ च्या मार्गदर्शनात जड वजनांच्या मुख्य व्यायामांसाठी दोन ते तीन मिनिटे आणि पूरक व्यायामांसाठी एक ते दोन मिनिटे विश्रांती सुचवली होती. एवढ्या वर्षांनंतरही ही चौकट व्यवहारात टिकून आहे, आणि वरच्या शरीराला ती लावायची तर मी ती पुढीलप्रमाणे लावेन. एक ते पाच रेप्सचे खूप जड सेट, मग ते बेंच प्रेसचे असोत वा पाठीवर किंवा कमरेला प्लेट बांधून केलेल्या पुल-अप्सचे, त्यांच्यानंतर तीन ते पाच मिनिटे द्यावीत. इथे घाई केल्यास पुढचा सेट फसतोच, शिवाय दमलेल्या खांद्याने बार तिरका जाऊन दुखापतीचा धोकाही वाढतो. सहा ते बारा रेप्सच्या बेंच प्रेस, शोल्डर प्रेस, रोइंग आणि डिप्स यांसारख्या अनेक सांध्यांच्या व्यायामांना दोन ते तीन मिनिटे. कर्ल्स, लॅटरल रेझ, पुशडाउन, फेस पुल यांसारख्या एकाच सांध्यावरच्या व्यायामांना साठ ते नव्वद सेकंद पुरतात, कारण वजन कमी असते, फसलेल्या रेपची किंमतही कमी असते, आणि एखाद-दुसरी रेप घटली तरी आणखी एक सेट जोडून ती सहज भरून काढता येते.

या आकड्यांत माणसागणिक फरक पडतो. ज्याची बेंच प्रेस १०० किलोंची आहे त्याला, ५० किलोवाल्यापेक्षा, आपापल्या कमाल वजनाच्या त्याच टक्केवारीलाही अधिक थांबावे लागते. ताकदवान माणूस आपल्या स्नायूतून एकाच सेटमध्ये अधिक काम काढून घेतो, म्हणून त्याच्या रेप्स लवकर गळतात. स्त्रियांमध्ये कमी विश्रांतीतही रेप्स पुरुषांच्या मानाने टिकून राहतात, असे बेंच प्रेसवरच्या अभ्यासात दिसले आहे. पुरुष प्रशिक्षकाने स्वतःच्या अनुभवावरून ठरवलेली तीन मिनिटे एखाद्या स्त्रीला उगाच लांबलेली वाटली, तर तिने दोन मिनिटांवर यायला हरकत नाही.

तालमीतले जोर या हिशेबात कसे बसतात, असा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाच्या मनात येणारच. गंगावेस किंवा मोतीबागसारख्या तालमींतले पैलवान सकाळी शेकड्यांनी जोर काढतात आणि मध्ये फारसे थांबत नाहीत. त्यांचे खांदे आणि दंड काही बारीक नसतात. पण जोर काढताना प्रत्येक वेळी हातांवर येणारा भार त्यांच्या कमाल ताकदीचा छोटा हिस्साच असतो, आणि या व्यायामातून कमवायची असते ती दमछाक झालेली असतानाही जोर लावत राहण्याची क्षमता. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची आणि मध्ये अवघ्या तीस सेकंदांच्या विश्रांतीची असते. अशा स्पर्धेची तयारी करणाऱ्याला अर्धवट भरलेल्या स्नायूंनी काम करण्याची सवय हवीच, म्हणून त्याची कमी विश्रांती सयुक्तिक आहे. हाच नियम तसाच उचलून जड बेंच प्रेसला लावणे मात्र सयुक्तिक नाही.

वेळेचे काय

नोकरी करून संध्याकाळी साडेसातला जिममध्ये येणाऱ्या माणसाचा आक्षेप रास्त आहे: प्रत्येक सेटनंतर तीन मिनिटे बसलो तर घरी जेवायला दहा वाजतील. याचे सर्वांत चांगले उत्तर म्हणजे विरुद्ध काम करणाऱ्या स्नायूंच्या व्यायामांची जोडी लावणे. ढकलण्याचा एक सेट, थोडे थांबून ओढण्याचा एक सेट, पुन्हा थोडे थांबून ढकलण्याचा, असा क्रम ठेवला की छाती काम करत असताना पाठ विसावते आणि पाठ काम करत असताना छाती.

हिशेब मांडून पाहू. प्रत्येक सेटला ४० सेकंद लागतात आणि दोन सेटमध्ये ७५ सेकंद थांबायचे, असे ठरवले. डंबेल प्रेसच्या एका सेटनंतर ७५ सेकंद थांबलो, ४० सेकंदांत डंबेल रोचा सेट केला आणि पुन्हा ७५ सेकंद थांबलो, तर छातीला एकूण १९० सेकंदांची, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त विश्रांती मिळाली. दोन्ही व्यायामांचे चार-चार सेट मिळून आठ सेट होतात, आणि प्रत्येकाला ११५ सेकंद धरले तर ९२० सेकंद, म्हणजे सव्वापंधरा मिनिटांच्या आसपास काम संपते. तेच आठ सेट एका व्यायामामागून दुसरा असे करून प्रत्येक सेटनंतर १९० सेकंद थांबलो असतो, तर अर्धा तास उलटून गेला असता. छातीच्या आणि पाठीच्या विश्रांतीत कपात न करता वेळ निम्मा झाला.

जोडी निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही व्यायामांत एकच दुवा कमजोर पडू नये, उदाहरणार्थ पुल-अप्स आणि डेडलिफ्ट यांच्या जोडीत पकड दोन्हीकडे लागते, त्यामुळे ती जोडी फसवी आहे. आणि गर्दीच्या वेळी दोन कोपऱ्यांतली दोन उपकरणे एकट्याने अडवून ठेवू नयेत. एकाच बेंचवर, एकाच डंबेलच्या जोडीने प्रेस आणि रो दोन्ही होतात आणि कोणाची नाराजी ओढवत नाही. एकाच स्नायूचे दोन व्यायाम लागोपाठ करणे, जसे बेंच प्रेसनंतर लगेच पुश-अप्स, याला सुपरसेट म्हणतात खरे, पण त्यात विश्रांतीची बचत होत नाही, फक्त थकवा वाढतो. तो प्रकार कधीमधी शेवटच्या सेटपुरता ठीक आहे.

त्या तीन मिनिटांत

विश्रांतीत काय करावे याला फार मोठे शास्त्र नाही. चार पावले चालावे, खांदे सैल सोडावे, पाण्याचा घोट घ्यावा, पुढच्या सेटची पकड आणि पायांची जागा मनात ठरवावी. नुकतेच दमलेले छाती-खांदे दाराच्या चौकटीला टेकून मिनिटभर ताणत उभे राहण्याची अनेकांना सवय असते. असा लांबवलेला ताण स्नायूची तात्पुरती ताकद घटवू शकतो, म्हणून तो व्यायाम संपल्यावर करावा. फोन हा खरा शत्रू वेगळ्या कारणाने आहे. रील्स पाहताना दोन मिनिटांची सहा कधी झाली ते कळत नाही, अंग थंड होते, आणि बेंचपाशी उभा असलेला माणूस मनातल्या मनात जे बोलतो ते वेगळेच. फोनमधला टायमर लावून तो पालथा ठेवला, तर त्याच यंत्राचा उपयोग होतो.

एका बाबतीत घड्याळापेक्षा श्वासाला मान द्यावा लागतो, आणि ती बाब म्हणजे रक्तदाब. जड वजन ढकलताना आपण श्वास कोंडतो, छातीतला आणि पोटातला दाब वाढतो आणि रक्तदाब क्षणभर अचाट चढतो. मॅकमास्टर विद्यापीठातच १९८५ मध्ये पाच बॉडीबिल्डर्सच्या धमनीत नळी बसवून सेट चालू असताना थेट मोजमाप केले गेले, तेव्हा दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये सरासरी ३२०/२५० मिमी पारा इतका दाब नोंदला गेला. आणि फक्त एका हाताच्या कर्लमध्ये, हात थांबेपर्यंत सेट ताणला असता, तो २५५/१९० वर गेला. म्हणजे लहान स्नायूचा व्यायामही या दृष्टीने निरुपद्रवी नाही. सेट संपताच हा दाब काही सेकंदांत झपाट्याने उतरतो आणि कधीकधी चक्करही येते, म्हणून सेटनंतर ताडकन उठण्याऐवजी क्षणभर बसून शांतपणे श्वास सोडावा. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी श्वास कोंडणे आणि सेट अगदी शेवटापर्यंत ताणणे, दोन्ही टाळावे आणि वजन वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. त्यांच्यासाठी पुढच्या सेटची वेळ झाली की नाही हे टायमर ठरवणार नाही. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येऊ लागले की मगच पुढचा सेट घ्यावा.

आपल्याला नेमके किती थांबावे लागते हे शोधण्यासाठी दोन-तीन आठवड्यांची वही पुरते, मात्र तिच्यात वजन आणि रेप्स यांच्या शेजारी विश्रांतीचा रकाना हवा. पहिल्या सेटपेक्षा दुसऱ्यात दोनहून जास्त रेप्स गळत असतील तर तीस सेकंद वाढवून पाहावे. तीन मिनिटे थांबूनही गळती तशीच राहिली, तर दोष विश्रांतीचा नसतो. पहिला सेट गरजेपेक्षा जास्त ताणला जात असतो किंवा वजनच जरा अधिक असते, आणि मग तिथे अडीच किलो उतरवणे बरे. उलट तीनही सेटमध्ये रेप्स तंतोतंत सारख्या येत असतील, तर थांबण्याचा वेळ थोडा कमी करता येईल किंवा वजन वाढवता येईल. हा रकाना नसेल तर वहीतील आकडे दिशाभूल करतात. गेल्या महिन्यात तीन मिनिटे थांबून ५० किलोच्या १०, ९, ८ रेप्स काढणाऱ्याने आज दोन मिनिटे थांबून त्याच १०, ९, ८ काढल्या, तर विश्रांतीची नोंद नसलेल्या वहीत त्याची महिनाभराची प्रगती शून्य दिसेल. आणि जो गेल्या महिन्यात दोन मिनिटे थांबत होता, तो आज गप्पांच्या नादात पाच मिनिटे थांबून एक रेप जास्त काढेल आणि पुढच्या सोमवारी बारवर विनाकारण आणखी दोन प्लेट्स चढवेल.